स्टॅटिस्टिक्सवाली लेक आणि ‘ग्लोबल हेल्थ’

प्रश्न : मुलगी वडोदऱ्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. देशोदेशींच्या प्राथमिक आरोग्यसेवा सुधारणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत काम करायचं म्हणते. त्यासाठी कर्ज काढून परदेशात एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) करायचा हट्ट आहे. ती डॉक्टर नाही. तिच्या बाबांना बँकेची परीक्षा बरी वाटते. काय करावं?
– एक आई, दांडिया बाजार

उत्तर : ताई, हट्टात तथ्य आहे. घाई तेवढी नडेल.

डॉक्टर नसल्याची काळजी आधी सोडा. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून प्राथमिक आरोग्यसेवेची कामगिरी मोजण्याचा एक उपक्रम सुरू केला. पैसा किती, क्षमता किती, प्रत्यक्ष सेवा कशी आणि ती गरिबापर्यंत पोचते का, असा एकेका देशाचा ताळेबंद त्यात मांडला जायचा. अशा कामात डॉक्टर लागतात, तसेच आकड्यांची माणसंही लागतात.

पण हे आकडे जन्मतात कुठे? उपकेंद्रावरच्या नर्सबाईंच्या रजिस्टरात आणि हल्ली गुजरातेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ‘टेको’ या नोंदणी ॲपमध्ये. एकच उदाहरण देतो. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. सासरच्या उपकेंद्रात तिची नोंद आहे, पण बाळंतपण नाही. माहेरी बाळंतपण आहे, पण नोंद कदाचित नाहीच. मग एका गावात काम ढिलं दिसतं, तर दुसऱ्या गावात शंभर टक्क्यांच्या वर! अंश (झालेली बाळंतपणं) ठीक, छेद (नोंदलेल्या गरोदर बायका) चुकलेला. वर्गात ही गोष्ट एका ओळीत उरकते. छोटाउदेपूरकडच्या एखाद्या उपकेंद्रात, ममता दिवसाला (गरोदर बायका आणि बाळांच्या तपासणी-लसीकरणाच्या दिवशी), बायकांच्या रांगेशेजारी बसून ती जशी कळते, तशी वर्गात नाही कळत.

म्हणून परीक्षा संपली की तिला दोन-तीन महिने आरोग्यात काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत किंवा मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य) विभागाच्या सर्वेक्षणात काम मिळतंय का बघा. मानधन जेमतेम असेल, कदाचित नसेलही. आपल्या मुली घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलतात, हे भांडवल दिल्लीहून आलेल्या उमेदवाराकडे नसतं. जोडीला ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आणि डीएचआयएस-2 ही आरोग्याच्या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली शिकू दे. ही दुसरी प्रणाली ओस्लो विद्यापीठातून चालते आणि अनेक देशांची आरोग्य खाती ती वापरतात. शिकण्याचं साहित्य बरंचसं फुकट आहे.

पुढच्या शिक्षणासाठी लगेच विमान कशाला? मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्याशास्त्राची संस्था 1956 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानं उभी राहिली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तीच बघते आणि स्टॅटिस्टिक्सच्या मुलीला तिथं वाव आहे. एमपीएचच करायचं, तर गांधीनगरची आयआयपीएच ही सार्वजनिक आरोग्याची संस्था दारात आहे. प्रवेशाच्या अटी यंदाच्या माहितीपत्रकात स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या तोंडून ऐकू नका. परदेशी पदवी वाईट नाही, पण अनुभव नसताना काढलेलं कर्ज बहुतेकदा बाबांच्याच पगारातून फिटतं, हे मी पुष्कळ घरांत बघतो.

बँकेची परीक्षा तिला द्यावीशी वाटली तर देऊ दे. अभ्यास वाया जात नाही. पण बाबांचं समाधान म्हणून फॉर्म भरायला लावू नका. एज्युकेशन लोनचे कागद मात्र तूर्त कपाटातच असू द्यात. उपकेंद्रावर राहून आल्यावरही ती हेच म्हणाली, तर मला पुन्हा लिहा. शिष्यवृत्त्यांचं तेव्हा बोलू.