भूकंपाचा अंदाज चुकला, तर शास्त्रज्ञ गुन्हेगार ठरतो का?

प्रश्न : इटलीत भूकंपाचं भाकीत करता आलं नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, असं वाचलं. हे खरं आहे का?

शिक्षा झाली होती हे खरं. कारण मात्र ते नव्हतं. ६ एप्रिल २००९ रोजी पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी लाक्विला शहर ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने हादरलं आणि ३०९ माणसं दगावली. त्याआधी काही महिने तिथे छोटे धक्के बसतच होते. रेडॉन वायूच्या मोजणीवरून एक तंत्रज्ञ मोठ्या भूकंपाचे इशारे देत होता, त्यामुळे लोक धास्तावले होते. ३० मार्चला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि दुसऱ्या दिवशी सरकारच्या महाजोखीम आयोगाची, म्हणजे मोठ्या आपत्तींच्या धोक्याबद्दल सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या मंडळाची, बैठक शहरात झाली. ती जेमतेम तासभर चालली. बैठकीआधीच नागरी संरक्षण विभागाचे उपप्रमुख बर्नार्दो दे बर्नार्दिनिस यांनी दूरचित्रवाणीवर सांगून टाकलं, की ऊर्जा सतत बाहेर पडते आहे, त्यामुळे परिस्थिती अनुकूल आहे, असं शास्त्रज्ञ म्हणतात. मग निवांत एक ग्लास वाइन घ्यावी का, या प्रश्नालाही त्यांनी होकार दिला.

त्या भागात जुनी रीत अशी, की धक्का बसला की घर सोडायचं आणि रात्र चौकात नाहीतर गाडीत काढायची. ५ एप्रिलला रात्री ११ च्या सुमारास एक आणि मध्यरात्रीनंतर पाऊण वाजण्याआधी दुसरा, असे दोन धक्के बसले. तरी काही कुटुंबं घरातच थांबली. खटला याच मुद्द्यावर उभा राहिला, आणि म्हणूनच तो ३०९ नव्हे, तर २९ मृत्यूंपुरता होता. ही माणसं एरवी बाहेर पडली असती, पण आश्वासनामुळे घरात राहिली, असं नातेवाइकांनी साक्षीत सांगितलं. आरोप निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा होता : धोक्याचं मूल्यमापन वरवरचं केलं आणि अपुरी, परस्परविरोधी माहिती दिली.

२२ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायाधीश मार्को बिली यांनी दे बर्नार्दिनिस आणि बैठकीतले सहा शास्त्रज्ञ अशा सातही आरोपींना प्रत्येकी ६ वर्षांची शिक्षा सुनावली. १० नोव्हेंबर २०१४ रोजी अपिलात सहा शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. दे बर्नार्दिनिस यांची शिक्षा २ वर्षांवर आली आणि तीही स्थगित ठेवली गेली. नोव्हेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच निकाल कायम केला. शास्त्रज्ञांचं मत त्या काळच्या विज्ञानाच्या कसोटीवर तपासायचं आणि लोकांना दिलासा देणारं विधान ज्याने केलं, त्याचा हिशेब वेगळा मांडायचा, अशी ही विभागणी आहे. आमच्या मते ती योग्य आहे. पण तिच्यामुळे एक प्रश्न अनुत्तरितच राहतो : आपल्या नावावर चुकीचं विधान खपवलं जात असताना बैठकीतल्या तज्ज्ञांनी ते तिथल्या तिथे का खोडून काढलं नाही?

प्रश्न : पण छोट्या धक्क्यांनी ऊर्जा निघून जाते, हे पटण्यासारखं आहे. त्यात चूक काय?

पटण्यासारखं आहे, म्हणूनच ते घातक आहे. तीव्रता एका अंकाने वाढली, की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ४.१ आणि ६.३ यांत २.२ अंकांचा फरक, म्हणजे ऊर्जेत जवळजवळ २,००० पट. ६.३ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मोकळी व्हायला ४.१ चे सुमारे २,००० धक्के लागतील. पाच-दहा धक्क्यांनी भ्रंशावरचा, म्हणजे जिथे खडक सरकून भूकंप होतो त्या जमिनीखालच्या भेगेवरचा, ताण हलका होत नाही. उलट शेजारच्या भागावर ताण सरकू शकतो, त्यामुळे पुढचे काही दिवस मोठ्या धक्क्याची शक्यता एरवीपेक्षा वाढलेली असते.

प्रश्न : ही वाढलेली शक्यताही नगण्यच असते ना? सांगितली तर घबराट, लपवली तर खटला. मग शास्त्रज्ञाने करायचं काय?

आकडा सांगायचा, पण एकटा नाही. समजा, एखाद्या ठिकाणी एका आठवड्यात मोठा भूकंप होण्याची शक्यता एरवी १ लाखात १ आहे आणि धक्क्यांच्या मालिकेमुळे ती २०० पट झाली. म्हणजे ती ५०० त १ झाली. ‘२०० पट’ एवढंच छापलं तर लोक गाव सोडतील; ‘९९.८ टक्के काही होणार नाही’ एवढंच छापलं तर जुन्या दगडी घरातला माणूस निर्धास्त झोपेल. दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून ते शेजारीशेजारी द्यावे लागतात. निवेदन साधारण असं हवं :

‘येत्या ७ दिवसांत या परिसरात मोठा भूकंप होण्याची शक्यता सुमारे ५०० त १ आहे. एरवीपेक्षा ती बरीच जास्त आहे. भूकंप होईलच असं नाही, होणार नाही असंही सांगता येत नाही. दगडमातीच्या किंवा तडे गेलेल्या घरात राहणाऱ्यांनी धक्का जाणवल्यास बाहेर पडावं आणि रात्र सुरक्षित जागी काढावी. पुढचं निवेदन उद्या सकाळी १० वाजता.’

यात मुदत आहे, जागा आहे, तुलना आहे, कोणत्या घरांना धोका जास्त ते आहे आणि करायची कृती आहे. ‘घाबरण्याचं कारण नाही’ हे वाक्य मात्र कुठेच नाही. त्याला कोणत्याच मोजणीचा आधार नसतो आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात नेमकं तेवढंच राहतं. पुढच्या निवेदनाची वेळ दिली असेल तर ती चुकवू नका. एक निवेदन आलं नाही, की अफवा ती जागा भरून काढते.

प्रश्न : मी ज्वालामुखीच्या निरीक्षण केंद्रात काम करते. सल्लागार बैठकांना जाताना कोणती काळजी घ्यावी?

आपल्याला नेमका कोणता प्रश्न विचारला आहे, ते आधी लेखी मागा. ‘तो तंत्रज्ञ म्हणतो ते खरं का?’ आणि ‘धोका किती?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं ‘नाही’ हे उत्तर लोकांच्या कानावर ‘धोका नाही’ म्हणून पडतं. पत्रकारांशी कोण बोलणार, ते बैठकीपूर्वी ठरवा आणि बैठक संपेपर्यंत कुणीच बोलू नये. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून, वाचून सह्या करा. तुमच्या मतातला महत्त्वाचा भाग गाळून ते छापलं गेलं, तर दुरुस्तीपत्र तासाभरात पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा. तुमच्या देशातला कायदा वकिलाकडून समजून घ्या, कारण जबाबदारीची व्याख्या सगळीकडे सारखी नसते.

आणि आपल्याच माणसांना विसरू नका. न्यूझीलंडमध्ये ९ डिसेंबर २०१९ रोजी व्हाकारी बेटावरच्या ज्वालामुखीचा उद्रेक होऊन २२ जण गेले. इशारा-पातळी १८ नोव्हेंबरलाच १ वरून २ वर नेली होती. ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या जीएनएस सायन्स या संस्थेने पुढे गुन्हा कबूल केला आणि २०२४ मध्ये तिला ५४,००० न्यूझीलंड डॉलर दंड झाला, तो जनतेसाठीच्या इशारापत्रकांबद्दल नव्हे. संस्थेच्या कर्मचाऱ्यांना बेटावर नेणाऱ्या हेलिकॉप्टर वैमानिकांना धोक्याची पुरेशी माहिती दिली नव्हती, त्याबद्दल. म्हणून वाहनचालक, वाटाडे, कंत्राटी कामगार यांची यादी इशारापत्रकाच्या वाटपयादीतच घाला आणि पातळी बदलली, की त्यांना फोन करून वेळेची नोंद ठेवा.