फळी डुगडुगू नये म्हणून: शेल्फ पिनच्या भोकांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नाशिक): पुस्तकांच्या कपाटाच्या बाजू १८ मिमी प्लायच्या आहेत. फळी ज्यांवर टेकते त्या छोट्या पिनांच्या भोकांसाठी मुद्दाम सेल्फ-सेंटरिंग (आपोआप मध्य साधणारे) बिट घेतले. पट्टीने मोजून, पेन्सिलने खूण करून एकेक भोक पाडले, तरी तीन फळ्या डुगडुगतात. बिट खराब असेल का?

उत्तर: बिट चांगलेच असणार. ते ज्या कामासाठी असते त्या कामाला लावलेले नाही, एवढेच. या बिटावर स्प्रिंगची एक नळी असते. नळीचे टोक एखाद्या भोकात बसले की आतले बिट त्या भोकाच्या मध्यावर येते आणि मशीन दाबल्यावर पुढे सरकते. म्हणजे मध्य सापडायला आधी एक भोक हवे. सपाट फळीवर नळीला धरायला काहीच मिळत नाही, उलट तिच्यामुळे पेन्सिलची खूणच झाकली जाते. अंदाजाने टेकवलेले बिट मिलिमीटरभर इकडेतिकडे जातेच. फळी तीन पिनांवर स्थिर बसते, चौथी पिन एक मिलिमीटर खाली-वर असली की डुगडुगायला लागते.

तेव्हा आधी साचा करा. ६ मिमी हायलम (कडक लॅमिनेटेड शीट) किंवा अ‍ॅक्रिलिक शीट चांगली, १२ मिमी प्लायही चालतो. नळीच्या टोकाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि साच्यात त्याच व्यासाची भोके पाडा. नळी हाताने आत-बाहेर सरकली पाहिजे, पण बाजूला हलता कामा नये. ही भोके मात्र ड्रिल स्टँडवर, अगदी उभी पाडून घ्या. स्टँड नसेल तर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे पट्टी देऊन या.

दोन भोकांमधले अंतर ३२ मिमी आणि भोकांची मध्यरेषा पुढच्या कडेपासून ३७ मिमी ठेवा. खुणा करताना मागच्या भोकापासून पुढचे भोक असे मोजत जाऊ नका. एकाच शून्यापासून ३२, ६४, ९६, १२८ अशा खुणा करा, नाहीतर दर वेळचा अर्धा-पाव मिलिमीटर साठत जातो.

साच्याच्या लांब कडेला एक आडपट्टी आणि खालच्या टोकाला दुसरी, अशा दोन पट्ट्या ठोका. पहिली कपाटाच्या कडेला घासून बसते, दुसरी बाजूच्या खालच्या टोकाला अडते. दोन्ही पट्ट्या साच्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही अंगांना बाहेर आलेल्या हव्यात. डाव्या-उजव्या बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, त्यामुळे साचा पालथा करावा लागतो आणि एकाच अंगाला पट्टी असेल तर नेमका तिथे घात होतो. साच्याच्या तळाच्या टोकाला ठळक अक्षरांत ‘खाली’ असे लिहा. चारही ओळींत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पुढच्या आणि मागच्या ओळींत, ते टोक खालीच राहिले पाहिजे.

असे केल्यावर साच्यात एखादे भोक अर्धा मिलिमीटर चुकलेले असले तरी बिघडत नाही. ती चूक चारही ओळींत सारखीच उतरते आणि फळी सपाटच बसते. एक ओळ खालून आणि एक वरून मोजली, तर मात्र बाजूंच्या उंचीत असलेला दोन मिलिमीटरचा फरक थेट फळीच्या उतारात दिसतो. भोके पाडण्याआधी दोन्ही बाजूंची खालची कड गुण्या लावून तपासा. ती तिरपी कापलेली असेल तर पुढची आणि मागची ओळ एका पातळीत येणार नाही, साचा कितीही अचूक असो.

ओळ साच्यापेक्षा लांब असेल तर साचा नजरेने वर सरकवू नका. आठ भोकांच्या साच्यासाठी बरोबर २५६ मिमी लांबीचा प्लायचा ठोकळा कापा आणि बाजूची खालची कड व साच्याची तळपट्टी यांच्यामध्ये ठेवा. चारही ओळींना तोच ठोकळा.

खोलीसाठी पिनची दांडी मोजून त्यात २ मिमी मिळवा. बहुतेक पिनांना १० ते १२ मिमी पुरते. नळी पूर्ण दाबा आणि बिट बाहेर किती येते ते पाहा. नळी साच्याच्या आरपार जाऊन फळीला टेकत असेल तर तीच भोकाची खोली. नळीचा खांदा साच्याच्या वर अडत असेल तर खांद्यापासून बिटाच्या टोकापर्यंत मोजून साच्याची जाडी वजा करा. पहिले भोक टाकाऊ तुकड्यातच पाडा आणि त्यात पिन बसवून पाहा.

प्रश्न (सांगली): भोकाभोवती लॅमिनेटच्या ढलप्या उडतात. पहिली दहा-बारा भोके स्वच्छ येतात, मग बिघडत जाते.

उत्तर: सुरुवातीला चांगले आणि नंतर वाईट, म्हणजे दोन कारणे. लॅमिनेट आणि प्लायमधला गोंद साध्या एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिटाची धार लवकर खातात. बोथट बिट कापत नाही, वरचा थर रेटून फोडते. कपाटे मोठी असतील तर कार्बाइड बिट घ्या. बहुतेक सेल्फ-सेंटरिंग बिटांत आतले बिट बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) सैल करून बदलता येते.

दुसरे कारण भुसा. नळीत तो दाबून बसला की स्प्रिंग अडते आणि जी नळी स्थिर राहायला हवी तीच बिटाबरोबर फिरू लागते. मग ती साच्याचे भोक घासून मोठे करते, आणि मोठ्या झालेल्या भोकात अचूकता उरत नाही. दर तीन-चार भोकांनी बिट बाहेर काढून झटका, काम संपल्यावर बिट सोडवून ब्रशने साफ करा. तेल घालू नका, तेलात भुश्याचा लगदा होतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी नळी साच्यात बसवा, मग मशीन चालू करा, पूर्ण वेग आल्यावरच दाबा, आणि बिट फिरत असतानाच बाहेर घ्या. साचा दोन क्लॅम्पनी घट्ट आवळलेला हवा. तो लॅमिनेटला दाबून धरतो म्हणूनच काठ फुटत नाही. भिंतीचे ड्रिल वापरत असाल तर हॅमर बंद असल्याची खात्री करा. हॅमर चालू राहिला तर कुठलेच बिट भोक स्वच्छ पाडणार नाही.

प्रश्न (पुणे): दुकानदाराने ५ मिमीच्या पिनसाठी दीड सुती बिट दिले. चालेल?

उत्तर: नाही. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दीड सूत म्हणजे ४.७६ मिमी. पिन ठोकून बसवावी लागेल आणि ठोकताना लॅमिनेट फुटेल. दोन सुती, म्हणजे ६.३५ मिमीच्या बिटाचे उलट होते: त्यात ६ मिमीची पिन सैल पडते. परदेशी बनावटीच्या काही साच्यांबरोबर पाव इंची बिट येते, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचा आणि पिन त्याच मापाच्या घ्या.

प्रश्न (ठाणे): मधल्या १८ मिमी पार्टिशनवर दोन्ही बाजूंनी भोके हवी आहेत. समोरासमोर पाडली तर आरपार जातात.

उत्तर: जाणारच, १० आणि १० मिळून २० होतात. खोली ८ ठेवून मध्ये २ मिमी वाचवायचा मोह टाळा. बिटाचे टोक त्याच्याही पुढे जाते आणि एवढ्या पातळ थरावर जड फळीचा भार देऊ नये. एका खणाच्या ओळी पुढून ३७ मिमीवर ठेवा, दुसऱ्या खणाच्या ६० मिमीवर. मागच्या ओळीही तशाच आत घ्या. दोन्ही खणांच्या फळ्या एका उंचीवर राहतात. काही जण एक ओळ १६ मिमी वर सरकवतात, पण मग शेजारच्या फळ्या कधीच एका रेषेत येत नाहीत आणि उघड्या कपाटात ते डोळ्याला खुपते. दुसऱ्या खणात पार्टिशनच्या समोर येणाऱ्या कपाटाच्या बाजूवरही तेच ६० मिमीचे माप घ्यायला विसरू नका.

प्रश्न (कोल्हापूर): हेच बिट बिजागऱ्यांना वापरता येईल का? आणि ३७ मिमीच का?

उत्तर: बिजागरीला वेगळे बिट लागते. त्याच्या नळीचे टोक निमुळते असते आणि स्क्रूच्या डोक्यासाठी असलेल्या खोलगट भागात बसते. आतले बिट बारीक असते, ३.५ मिमी स्क्रूसाठी प्लायमध्ये २.५ मिमी ठीक. भोक मध्यावर नसेल तर स्क्रूचे डोके उतारावरून सरकते, बिजागरीला ओढते आणि दार तिरके होते.

३७ आणि ३२ ही युरोपातून आलेल्या कपाट-पद्धतीची मापे आहेत. कप बिजागरीच्या (दारातल्या गोल खळगीत बसणाऱ्या बिजागरीच्या) माउंटिंग प्लेटचे, म्हणजे कपाटाच्या बाजूला लागणाऱ्या पट्टीचे, दोन स्क्रू ३२ मिमी अंतरावर आणि पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर असतात. म्हणजे पुढे-मागे दार लावायचे ठरले तर पिनच्याच ओळीत ६.३ मिमीचे युरो स्क्रू (५ मिमीच्या भोकात आटे धरणारे जाड स्क्रू) लावून प्लेट बसते. दार खणाच्या आत बसणारे असेल तर ३७ मध्ये दाराची जाडी मिळवा.

प्रश्न (रत्नागिरी): चुकलेली भोके बुजवून तिथेच नवी पाडायची आहेत. काड्या आणि फेविकॉल भरून पाहिले, पण बिट सरकते.

उत्तर: काड्यांचा कडकपणा एकसारखा नसतो, बांबूची काडी असेल तर बिट तिला टाळून मऊ बाजूला पळते. जुने भोक ८ मिमीचे करा, ८ मिमीचे लाकडी डॉवेल (गोल खुंटी) गोंद लावून बसवा, रात्रभर वाळू द्या आणि पटाशीने सपाट कापा. मग साचा क्लॅम्प करून नवे भोक पाडा. नुसत्या हाताने पाडले तर जुन्या-नव्या लाकडाच्या सांध्यावर बिट पुन्हा ढळेल. लॅमिनेटवर डॉवेलचा गोल दिसतो. तो नको असेल तर पिनसाठी मिळणारे धातूचे सॉकेट आणा आणि त्याच्या बाहेरच्या व्यासाचे भोक करा. त्याचा काठ फुटलेला भाग झाकतो. मात्र सॉकेट एका भोकाला लावले तर सगळ्या ओळीला लावा.