‘ए’ श्रेणीची छोटी चार्टर शाळा: नववीसाठी जागा घ्यावी का?

आदरणीय पालक,

आपले पत्र मिळाले. टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या एका छोट्या चार्टर जिल्ह्याच्या, म्हणजे सरकारी पैशांवर पण स्वतंत्र संस्थेने चालवलेल्या शाळांच्या, सोडतीत आपल्या मुलीचा नंबर लागला आहे आणि तिला पुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करायचे आहे. बालवर्गापासून बारावीपर्यंत मिळून जेमतेम ६०० विद्यार्थी असलेल्या या जिल्ह्यात तिला नववीला घालावे की घराजवळच्या मोठ्या हायस्कुलात, हा आपला प्रश्न आहे. राज्याने दिलेली ‘ए’ श्रेणी, अहवालात आशियाई मुलांच्या रांगेत आकड्यांऐवजी असलेल्या तारका, बहुसंख्य मुले कमी उत्पन्नाच्या घरांतली असणे आणि शाळेची आर्थिक ओढाताण, अशा चार शंकाही आपण कळवल्या आहेत.

तारकांची काळजी करू नये. एखाद्या गटात मुले फारच थोडी असली, तर आकड्यावरून एकेका मुलाचा निकाल ओळखू येतो, म्हणून टेक्सास एज्युकेशन एजन्सी, म्हणजे राज्याचे शिक्षण खाते, तो आकडा झाकते. शाळेने काही दडवल्याची ती खूण नाही.

श्रेणीकडे मात्र बारकाईने पाहायला हवे. एकूण श्रेणीतला ७० टक्के भाग ‘विद्यार्थ्यांची संपादणूक’ आणि ‘शालेय प्रगती’ या दोहोंपैकी ज्यात शाळा सरस ठरते त्यावरून येतो आणि उरलेला ३० टक्के भाग गटागटांमधली दरी किती कमी झाली यावरून. म्हणजे दोन शाळांची ‘ए’ अगदी वेगवेगळ्या कारणांनी आलेली असू शकते. हायस्कूलच्या संपादणुकीत राज्याच्या ‘स्टार’ परीक्षेइतकेच वजन कॉलेज, नोकरी किंवा सैन्यासाठीच्या तयारीला आहे. ही तयारी एपी परीक्षेतल्या (हायस्कुलातच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या परीक्षेतल्या) गुणांनी सिद्ध होते, तशी एखाद्या व्यवसायाच्या प्रमाणपत्रानेही होते. त्या प्रमाणपत्रांना मी कमी लेखत नाही, पण आपल्या मुलीच्या वाटेसाठी एपी, एसएटी (कॉलेज-प्रवेशासाठीची परीक्षा) आणि कॉलेज-क्रेडिटचे (हायस्कुलात असतानाच मिळवलेल्या कॉलेजच्या श्रेयांकांचे) आकडे सुटे करून पाहावे लागतील. शिवाय ‘स्टार’मध्ये ‘अप्रोचेस’ ही पातळी उत्तीर्ण धरली जाते; आपण तिच्या वरच्या ‘मीट्स’ आणि ‘मास्टर्स’ या पातळ्यांचे टक्के पाहावेत, आणि तेही निदान तीन वर्षांचे. पंचवीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ४ टक्के. तीन मुलांचा पेपर अवघड गेला की निकाल १२ टक्क्यांनी घसरतो, आणि त्यावरून शिकवणे बिघडले असे म्हणता येत नाही.

कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचे प्रमाण पाहून शाळेचा दर्जा ठरवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. हा आकडा प्रामुख्याने मोफत किंवा सवलतीच्या जेवणाच्या पात्रतेवरून निघतो. त्यातून घरची परिस्थिती कळते, वर्गातले शिकवणे कळत नाही. उलट ही मुले दरवर्षी पुढे सरकत असतील, तर तिथले शिक्षक मेहनतीचे आहेत असे समजावे. अशा मुलांसाठी आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी राज्य शाळेला जादा निधीही देते.

आता पैशांविषयी. ही शाळा आपल्याकडच्या विनाअनुदानित शाळेसारखी आहे का, असे आपण विचारले आहे. तसे नाही. फी नाही, पैसा सरकारी आणि कारभार बहुधा ना-नफा संस्थेचा, त्यामुळे ती अनुदानित शाळेच्या अधिक जवळची आहे. टेक्सासच्या विधिमंडळाने १९९५ साली अशा शाळांना वाट करून दिली, पण मालमत्ता कर लावण्याचा अधिकार त्यांना दिला नाही. शेजारचा स्वतंत्र शाळा-जिल्हा मतदारांच्या संमतीने रोखे काढून प्रयोगशाळा बांधतो. चार्टरला इमारतींसाठी राज्याकडून मिळणारी रक्कम मर्यादित असल्यामुळे भाड्याचा किंवा कर्जाचा बराच भार शिकवण्याच्या पैशांवर पडतो. मूळ अनुदान २०१९ पासून प्रति विद्यार्थी ६,१६० डॉलर होते, २०२५ मध्ये ते फक्त ५५ डॉलरनी वाढले, आणि ते पटावर नव्हे, सरासरी हजेरीवर मिळते. पट ६०० आणि हजेरी ९३ टक्के असेल तर ५५८ मुलांचेच पैसे येतात, पण पगार आणि भाडे पूर्ण द्यावे लागते. म्हणून राज्याची ‘फर्स्ट’ ही आर्थिक श्रेणी अवश्य पाहा. शैक्षणिक किंवा आर्थिक श्रेणीत सलग तीन वर्षे नापास झाल्यास चार्टर रद्द करण्याचा कायदा २०१३ पासून आहे.

तरीही माझ्या मते निर्णय श्रेणीवर किंवा निधीवर न ठरवता वेळापत्रकावर ठरवावा. मुलीचे अल्जिब्रा वन आठवीत झाले असेल, तर नववीत भूमिती, मग अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस हा क्रम तिला मिळायलाच हवा. पाचसहा मुलांसाठी एपी कॅल्क्युलसचा किंवा फिजिक्सचा वर्ग चालवणे छोट्या शाळेला परवडत नाही. गेल्या दोन वर्षांत हे वर्ग प्रत्यक्ष भरले का, शिकवणारे शिक्षक तिथे किती वर्षे आहेत, आणि वर्ग भरला नाही तर कम्युनिटी कॉलेजात (जवळच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) सोय होते का, हे मुख्याध्यापकांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या. चार्टरमधल्या बहुतेक विषयांना शिक्षकाचे राज्य-प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचे नाही, त्यामुळे अनुभवाचा प्रश्न संकोच न करता विचारावा.

रँकचा, म्हणजे हायस्कूलच्या तुकडीतल्या गुणानुक्रमाचाही विचार व्हावा. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये २०२६ च्या प्रवेशांपासून आपापल्या तुकडीतल्या पहिल्या ५ टक्क्यांतल्यांनाच थेट प्रवेश आहे. चाळीस जणांच्या तुकडीत ते दोघेच होतात. इतर बहुतेक सरकारी विद्यापीठांत ही मर्यादा १० टक्क्यांची आहे. थेट प्रवेश मिळाला तरी इंजिनिअरिंगची शाखा मिळेलच असे नाही, हेही मुलीला आत्ताच सांगावे.

लेखी उत्तरांत कॅल्क्युलस आणि फिजिक्सची खात्री मिळाली, तर जागा घ्या. लहान वर्गात शिक्षक तिला नावाने ओळखतील आणि पुढे शिफारसपत्रे मनापासून लिहितील. खात्री मिळाली नाही, तर घराजवळचे हायस्कूल निवडा. चार्टरमध्ये गेल्याने तिथला आपला हक्क जात नाही. मात्र बाहेरून आलेल्या गुणांना रँकमध्ये किती वजन द्यायचे याचे नियम जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळे असतात, म्हणून चार्टरला होकार कळवण्याआधी ते त्या हायस्कूलच्या समुपदेशकांकडून मागवून घ्या.