जाम बोल्ट : आधी तो कुठे धरलाय ते बघा

प्रश्न : माझ्याकडे पाट्यांच्या स्प्रिंगची (लीफ स्प्रिंगची) जुनी फोर-बाय-फोर आहे. मागचे बुश, म्हणजे पाट्याच्या टोकातल्या रबरी नळ्या, बदलायला घेतले. शॅकलच्या, म्हणजे पाटा चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या, बोल्टचा नट निघाला, पण बोल्ट काही केल्या बाहेर येत नाही. पान्याने डोकं फिरवलं की थोडं फिरतं, हात सैल केला की परत जागेवर येतं. रोज गंजाचं तेल मारतोय. आता मोठा घण घेऊन बसू का?

उत्तर : घण बाजूला ठेवा. ‘फिरतं आणि परत येतं’ असं तुम्ही लिहिलंत, त्यातच सगळं निदान आहे. तुमच्या बोल्टचे आटे जाम नाहीत. हा बोल्ट बुशच्या मधल्या लोखंडी नळीतून आरपार जातो. त्याचा आट्यांशिवायचा मधला गुळगुळीत भाग त्या नळीला गंजाने चिकटलाय. तुम्ही डोकं फिरवता तेव्हा बोल्टबरोबर नळीही फिरते, तिच्याभोवतीचं रबर पिळतं, आणि सोडलं की रबर तिला मागे आणतं.

तेल का पोहोचत नाही तेही सांगतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. नळी आणि बोल्ट यांच्यातली बारीक फट त्याने ठासून भरलेली असते. तेल दोन्ही टोकांना थोडंफार शिरतं, मधला भाग कोरडाच राहतो. आणि घण घातलात तर धक्का रबर खाऊन टाकतं. बोल्टचं टोक मात्र फुलतं, मग तो भोकातून जाणारच नाही. त्याहून वाईट म्हणजे चॅसिसच्या ब्रॅकेटचे कान वाकतात. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगतो : बोल्ट गेला तर जाऊ दे, तो ज्यात बसलाय ते जाता कामा नये. बोल्ट नवा मिळतो. चॅसिसचा कान जागेवरच सरळ करावा लागतो, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा कधी होत नाही.

म्हणून हा बोल्ट कापा. बुश तसाही टाकायचाच आहे. आधी चॅसिस स्टँडवर घ्या आणि एक्सलला खालून वेगळा जॅक द्या. पाट्यावर ना गाडीचं वजन असू दे, ना एक्सल त्यावर लोंबकळू दे. ताणातला पाटा बोल्ट कापताक्षणी उसळतो आणि बोटं जातात. मग शॅकलची पट्टी आणि बुश यांच्या मधल्या फटीत पातं घाला. बायमेटल पात्याची रेसिप्रोकेटिंग सॉ (पातं पुढेमागे हलणारी यांत्रिक करवत) असेल तर उत्तम. नसेल तर हॅक्सॉचं पातं एका टोकाला जाड कापड गुंडाळून हातात धरूनही काम होतं, फक्त वेळ लागतो. ग्राइंडरची 1 मिलिमीटरची चकती जागा असेल तरच. दोन्ही बाजूंनी कापलं की पाट्याचा डोळा, म्हणजे बुश बसतो ते टोकाचं गोल भोक, बाहेर येतो.

डोळ्यात अडकलेला बुश जाळून काढू नका. रबराचा धूर घातक असतो आणि त्या आचेने पाट्याच्या पोलादाचं पाणी उतरतं. रबर ड्रिलने पोखरून काढा, मग बाहेरच्या कवचाला आतून लांबीत हॅक्सॉची एक चीर द्या आणि छिन्नीने ते आतल्या बाजूला दुमडा. दोन ठोक्यांत सुटतं.

नवा बोल्ट घालताना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण) फक्त आट्यांना लावू नका, त्या गुळगुळीत भागालाही भरपूर लावा. आणि शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून करा. हवेत आवळलंत तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

प्रश्न : एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळीचा) एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा आट्यांचा बोल्ट, पाना लावताच तुटला. बाकीचे वाचवायचे आहेत. गॅसने तापवावं का?

उत्तर : तापवा, पण स्टड नाही, नट तापवा. पोलादाचा 12 मिलिमीटर भोकाचा नट 300 अंशांनी तापला की भोक साधारण 0.04 मिलिमीटरने मोठं होतं. आकडा लहान वाटतो, पण गंजाचा थर तडकायला तेवढं पुरतं. ज्योत नटाच्या कडांवर फिरवा, स्टडच्या टोकावर नको. नट मंद लाल दिसला की ज्योत काढा. लाली पूर्ण गेली की मेणबत्तीचं टोक आट्यांना लावा. मेण वितळून आत ओढलं जाताना डोळ्यांनी दिसतं. ओढलं न जाता वरच जळून धूर झालं तर नट अजून फार गरम आहे, थोडं थांबा.

मग सहाकोनी गोटी (सॉकेट पाना) लावा, आणि आधी सोडायच्या नव्हे, आवळायच्या दिशेने अगदी किंचित झटका द्या. नंतर सोडा. पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे. इथे हाताकडे आणि कानाकडे लक्ष द्या. नट सुटतो तेव्हा ‘कट्’ किंवा ‘कर्र’ असा कोरडा आवाज येतो आणि हाताला घट्टपणा तसाच जाणवत राहतो. आवाज न होता पाना एकदम मऊ, गोड फिरायला लागला, तर नट सुटत नाहीये, स्टड पिळला जातोय. त्याच क्षणी थांबा आणि पुन्हा तापवा. हा फरक शिकवून येत नाही असं म्हणतात. मला ते पटत नाही. भंगारातला एखादा बोल्ट व्हाइसमध्ये धरून मुद्दाम तोडून बघा, एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

तुटलेला स्टड थोडा जरी बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा. वेल्डिंगची आचच निम्मं काम करते. हात लावता येईल इतका निवू द्या, मग फिरवा. सपाट तुटला असेल तर मध्यावर पंच मारा. मध्य म्हणजे अगदी मध्यच, यात घाई केलीत की इंजिनाचं हेड जाईल. मग लहान ड्रिलपासून सुरुवात. उलट्या धारेचं ड्रिल असेल तर पुष्कळदा ड्रिल करतानाच तुकडा बाहेर येतो. स्क्रू एक्स्ट्रॅक्टरवर (तुटका तुकडा भोकातून फिरवून काढायच्या हत्यारावर) जोर काढू नका. तो अतिशय कडक आणि ठिसूळ असतो, आत तुटला तर साधं ड्रिल त्याला खातही नाही. आटे नव्याने पाडायची वेळ आली तर 8 मिलिमीटरच्या 1.25 पिचसाठी (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) 6.8 मिलिमीटरचं भोक घ्या.

एक सूचना कळकळीने : तापवायच्या किंवा वेल्डिंगच्या जागी ब्रेक क्लीनर मारू नका. क्लोरीन असलेला क्लीनर आचेत आला की फॉस्जीन हा विषारी वायू होतो. इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि सस्पेन्शनचे रबर यांच्याजवळही ज्योत नको.

प्रश्न : माझ्या जुन्या लँड रोव्हरच्या बोल्टांची डोकी एकामागून एक गोल होतायत. पाने नवे आणि चांगले आहेत.

उत्तर : पाने चांगले असतील, मापाचे नाहीत. तुमच्या गाडीत इंची बोल्ट आहेत. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यावर 13 ची गोटी ढिली बसते आणि गंजलेल्या कडा खरवडते. पाऊण इंचावर 19 ची चालते, कारण ते 19.05 आहे. 9/16 इंचाला मात्र 14 ची बसतच नाही आणि 15 ची फिरते. फार जुन्या मॉडेलवर बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, जुनं ब्रिटिश माप) बोल्टही भेटतील, त्यांचे पाने त्याहून वेगळे. इंची सेट घ्या, सहाकोनी घ्या. गोल झालेल्या डोक्यावर किंचित लहान गोटी हातोडीने ठोकून बसवली तर बहुतेक डोकी निघतात.

प्रश्न : विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नट मोठा पाइप लावूनही हलत नाहीत.

उत्तर : पाइप काढा, तुम्ही ते आवळताय. या जीपच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात, नट घड्याळाच्या दिशेने सुटतात. स्टडच्या टोकावर ब्रश मारून ‘एल’ अक्षर शोधा. मधल्या काळात कुणी स्टड बदलले असतील तर एका चाकावर उलटे आणि दुसऱ्यावर सरळ असंही सापडतं, म्हणून प्रत्येक चाक वेगळं तपासा. आतापर्यंत जे पाइपने आवळले गेलेत ते स्टड ताणले गेले असतील, नट काढल्यावर त्यांचे आटे पिचगेजने (आट्यांमधलं अंतर मोजायच्या पट्टीने) बघा आणि शंका असेल तो स्टड बदला.