जीप थरथर कापायली? आधी वजन बघा

प्रश्न (बीडहून एक वाचक): दादा नमस्कार, मी युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरात) काळीपिवळी जीपचा गेम बनवायलोय, मांजरसुंबा घाटातून पाशिंजर घेऊन जायचं. चारी चाकांना व्हील कोलायडर (चाक आन त्याची स्प्रिंग चालवणारा भाग) लावलंय पण प्ले दाबलं की जीप जागेवरच थरथर कापायली आन मधीच उडून आभाळात जायली. स्प्रिंग 35000 चं 10000 करून बघितलं, डँपर (झोके दाबणारा आकडा) कमीजास्त केलं, आठ दिवस झाले काहीच फरक नाही. रिजिडबॉडीचं (गाडीला वजन देणाऱ्या भागाचं) मास 1 आहे, त्याला हात लावला नाही. वळणावर पलटी पण व्हायली. काय करू?

उत्तर: भावा, जिथं हात लावला नाहीस तिथंच घोळ आहे. मास 1 म्हणजे तुझी जीप एक किलोची, एका चाकावर पावशेर वजन, आणि खाली 35000 ची स्प्रिंग! हिशोब करून बघ: स्प्रिंगला एका चाकावरच्या वजनानं भाग, त्याचं वर्गमूळ काढ, मग 6.28 नं भाग, म्हणजे सेकंदाला किती झोके ते कळतं. तुझे येतात जवळपास 60. आणि युनिटीचं फिजिक्स मूळ सेटिंगला दर 0.02 सेकंदाला चालतं, म्हणजे सेकंदाला 50 वेळाच. एका झोक्यात एकदा पण धड बघायला मिळत नाही, म्हणून प्रत्येक वेळी चुकीचा धक्का बसतो आणि जीप उडते. 10000 केलं तरी 32 झोके राहतात, म्हणून तुला फरक दिसला नाही.

आता मास 1600 टाक, भरलेली जीप धरून. एका चाकावर 400 आले, आणि तीच 35000 ची स्प्रिंग आता सेकंदाला दीड झोका देते, खऱ्या गाडीसारखा. स्प्रिंग बदलायची गरजच नाही.

डँपर पण अंदाजानं नको. स्प्रिंग गुणिले 400, त्याचं वर्गमूळ, त्याची दुप्पट: साधारण 7480. एवढं टाकलं तर गाडी एकदा दबते, वर येते आणि झोका न खाता थांबते. युनिटी आपोआप देतं ते 4500 म्हणजे याच्या 60 टक्के, नव्या कारला चालेल. पण काळीपिवळीला मागं पाटे असतात आणि शॉकअप दमलेले असतात, खड्ड्यातून निघाल्यावर दोनतीनदा डुलली नाही तर बसलेल्याला ती आपली जीप वाटणारच नाही, म्हणून मी 2200 च्या आसपास ठेवीन.

पलटीचं कारण वेगळंय. वजनाचा मध्य (सेंटरऑफमास) युनिटी कोलायडर, म्हणजे टक्कर ओळखणारे आकार, बघून ठरवतं, टपावर सामानाचा कोलायडर लावलास की तो वर सरकतो. कोडमध्ये सेंटरऑफमास खाली घे, फरशीच्या जरा वर. तरी पलटी झाली तर साइडवेज फ्रिक्शनची स्टिफनेस, म्हणजे चाकाची आडवी पकड, 1 ची 0.8 कर, पकड जास्त असली की गाडी घसरायच्या ऐवजी उलटते. पावसातल्या काळ्या मातीचा रस्ता करणार असशील तर जमिनीला वेगळं फिजिक मटेरियल (पृष्ठभागाची पकड ठरवणारं सेटिंग) लावून काही होत नाही, व्हील कोलायडर ते बघतच नाही, चाक कशावर आहे ते कोडमध्ये तपासून स्टिफनेस तिथंच कमी करावी लागते. आणि हे सगळं एका वेळी एकच बदल, हात जोडून सांगतो.

प्रश्न (लातूरहून): उसाच्या ट्रॅक्टरला पण हेच आकडे चालतील का?

उत्तर: नाही चालणार. बहुतेक ट्रॅक्टरला मागं स्प्रिंगच नसते, सगळा दणका मोठा टायर खातो, आणि पुढचा एक्सल मधल्या पिनवर डावीउजवीकडं झुलतो. मागच्या चाकांचं सस्पेन्शन डिस्टन्स (चाक वरखाली किती हलेल ते) 0.05 ठेवा, पुढं मोकळं सोडा. ट्रॉली आधी रिकामी जोडून चालवा, मग ऊस भरा, कारण ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा फार जड झाली की जॉइंट ताणून थरथरायला लागतो.