घरी फोर-के व्हिडिओसाठी मीडिया सर्व्हर करायचाय, कोणतं हार्डवेअर घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात फ्लॅट, हॉलमध्ये ५५ इंची फोर-के टीव्ही, बहिणीच्या लग्नाचं फोटोग्राफरने दिलेलं कच्चं शूटिंग, मोबाइलवरचे व्हिडिओ आणि थोडे ब्लू-रे सिनेमे. हे सगळं घरातल्या एका संगणकावर ठेवून (हाच मीडिया सर्व्हर) टीव्हीवर न अडकता दिसावं, साताऱ्याला आई-बाबांनाही बघता यावं. बजेट ४० हजार, आणि त्यातले निम्मे ग्राफिक्स कार्डात घालायचा बेत आहे.

कार्ड घेऊ नका. निदान एवढं वाचून होईपर्यंत तरी नका.

मी हाच घोळ घातलाय. जुन्या डेस्कटॉपवर सर्व्हर टाकला, मोबाइलचे व्हिडिओ छान चालले, पण भाच्याच्या मुंजीची फोर-के फाइल लावली की दर मिनिटाला गोल गोल फिरायला लागायचं. प्रोसेसर जुना म्हणून नवा मिनी पीसी आणला, तरी तेच. शेवटी टीव्हीची वायर काढून लॅपटॉपला लावली आणि आयपर्फ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने वेग मोजला, तर लॅपटॉपवर ९४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). वायर पुन्हा टीव्हीला लावली की राउटरवरचा त्या पोर्टचा दिवा हिरव्याचा नारिंगी व्हायचा. नारिंगी म्हणजे माझ्या राउटरवर १०० एमबीपीएस. टीव्हीचं लॅन पोर्टच (नेटवर्कची वायर लावायची खाच) १०० चं! त्यातून प्रत्यक्षात ९४-९५ जातात आणि फाइल न अडकता चालायला लागत होते १४०. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बऱ्याच महागड्या टीव्हींनाही पोर्ट १०० चंच असतं. फोर-के ब्लू-रेचं मानक १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ देतं, त्यामुळे एखाद्या गर्दीच्या प्रसंगात तिथेही अडकतं. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर वायर काढून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय लावून बघा, माझ्याकडे साडेतीनशेच्या आसपास मिळतं. मध्ये भिंती असतील तर गिगाबिट (१००० एमबीपीएसचं) पोर्ट असलेला, टीव्हीला जोडायचा स्ट्रीमिंग बॉक्स घ्या. काही टीव्ही यूएसबी-लॅन अडॅप्टर घेतात, पण दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, लावून बघायला मागा. भिंतीतली वायरही तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. एखादी तार तुटली किंवा वायरच्या टोकाला प्लग बसवणाऱ्याने चारच जोडल्या, तर इंटरनेट चालत राहतं आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

आता सर्व्हर. लग्नाच्या पंगतीत वाढपी वेगळा आणि आचारी वेगळा. सर्व्हरचं मुख्य काम वाढप्याचं : फाइल आहे तशी उचलायची आणि टीव्हीच्या पानात वाढायची. याला डायरेक्ट प्ले म्हणतात, आणि त्याला ताकद जवळजवळ लागत नाही. टीव्हीला ती फाइल पचत नसेल तेव्हाच वाढप्याला आचारी व्हावं लागतं, म्हणजे चालू व्हिडिओ उलगडून दुसऱ्या प्रकारात पुन्हा बांधायचा. हे ट्रान्सकोडिंग. प्रोसेसरचा घाम निघतो तो इथे.

म्हणून खरेदीआधी एक संध्याकाळ घालवा. प्रत्येक प्रकारची एकेक फाइल यूएसबी ३ च्या डिस्कवर घ्या (एफएटी-३२ फॉरमॅट नको, ४ जीबीच्या वरची फाइल त्यात बसत नाही) आणि डिस्क थेट टीव्हीला लावा. जे चाललं त्याला आचारी लागण्याची शक्यता कमी. मोबाइलच्या एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायचा नवा प्रकार) फाइल बहुतेक चालतील. आयफोनचं फोर-के ३० फ्रेमचं शूटिंग मिनिटाला साधारण १७० एमबी भरतं, म्हणजे २३ एमबीपीएसच्या आसपास (एमबी म्हणजे मेगाबाइट, आणि एका बाइटात आठ बिट). ते १०० च्या पोर्टातूनही आरामात जातं.

चालणार नाहीत त्या बहुधा फोटोग्राफरच्या फाइल. हल्लीचे मिररलेस कॅमेरे १० बिट, ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून शूट करतात. रंग सुधारायला ते चांगलं, पण एच.२६४ (एचईव्हीसीच्या आधीचा प्रकार) मधलं ४:२:२ टीव्हीला सहसा समजत नाही, आणि बहुतेक ग्राफिक्स चिपही ते हार्डवेअरवर उलगडत नाहीत. तुम्ही वीस हजारांचं कार्ड घेतलं तरी अगदी अलीकडच्या पिढीचं नसेल तर काम शेवटी प्रोसेसरवरच येणार. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये फाइल उघडा, क्रोमा सबसॅम्पलिंगच्या ओळीत ४:२:२ दिसलं की ओळखा. उपाय साधा : हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्राममधून १० बिट एचईव्हीसीत एकदाच रूपांतर करून ठेवा. रात्री लावायचं, सकाळी बघायचं. माझी पावणेचार तासांची मुंज तीन रात्री खात बसली होती, पण तेव्हापासून टीव्ही ती एका दमात चालवतो. मूळ फाइल मात्र उडवू नका.

एवढं झाल्यावर प्रोसेसरचा प्रश्न छोटा होतो. साताऱ्यासाठी आणि एखाद्या हट्टी फाइलसाठी आचारी लागणारच, पण तो इंटेलच्या चिपमध्ये आयता बसलेला असतो. त्याला क्विक सिंक म्हणतात. १० बिट एचईव्हीसी नीट हाताळणारं क्विक सिंक इंटेल प्रोसेसरच्या सातव्या पिढीपासून मिळतं. माझ्याकडे आठव्या पिढीचा आय५-८५००टी असलेला, ऑफिसातून निघालेला, दुरुस्त करून विकलेला (रिफर्बिश्ड) मिनी पीसी आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर साडेतेरा हजारांना पडला, ८ जीबी रॅम आणि छोट्या एसएसडीसकट. नवंच हवं असेल तर इंटेलच्या एन१०० चिपचा मिनी पीसी घ्या. चिप ६ वॉटची, आणि एव्ही१ हा आणखी नवा व्हिडिओ प्रकारही उलगडते, जे माझ्या आठव्या पिढीला जमत नाही. रॅम ८ जीबी पुरे.

दोन ठिकाणी फसगत होते. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी एफ असतो, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. ते स्वस्तात मिळतं म्हणून लोक उचलतात. दुसरं, तयार नॅसचे डबे, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचे डिस्कचे डबे. सिनॉलॉजी कंपनीच्या डीएस९२०+ मध्ये ग्राफिक्स असलेला सेलेरॉन प्रोसेसर होता, नंतरच्या डीएस९२३+ मध्ये ग्राफिक्स नसलेला रायझन आला. मॉडेल नवं, पण आचारी गायब. रास्पबेरी पाय ५ या छोट्या स्वस्त संगणकाचंही तसंच, त्यात व्हिडिओ बांधणारं हार्डवेअर नाही. नुसतं वाढायला चालेल, साताऱ्याला पाठवायला नाही.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर मी जेलीफिन वापरतो. फुकट आहे, आणि हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे पडत नाहीत. प्लेक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी प्लेक्स पास विकत घ्यावा लागतो. सेटिंगमध्ये क्विक सिंक स्वतः चालू करावं लागतं, हे विसरून लोक चिपला नावं ठेवतात. काही अडकलं तर डॅशबोर्ड बघा, ट्रान्सकोडिंग का होतंय ते तिथे लिहिलेलं असतं. ब्लू-रेवरची सबटायटल्स अक्षरं नसून चित्रं असतात. ती चालू केली की बऱ्याच टीव्हींवर ती चित्रात चिकटवून पाठवावी लागतात, आणि सगळा सिनेमा नव्याने बांधला जातो. सबटायटलची साधी, नुसत्या अक्षरांची एसआरटी फाइल असेल तर ही कटकट वाचते.

उरलेले पैसे डिस्कवर घाला. १४० एमबीपीएस म्हणजे तासाला ६३ जीबी, चार तासांचं लग्न २५० जीबीच्या वर. व्हिडिओसाठी एसएसडी नको. साधी फिरणारी डिस्कही सेकंदाला दीडशे एमबी देते आणि तुमच्या सगळ्यात जड फाइलला साडेसतरा लागतात. ८ टीबीची, ३.५ इंची, स्वतःचा अडॅप्टर असलेली एक्स्टर्नल घ्या. विंडोजमध्ये ७.२७ दिसेल, घाबरू नका, ती मोजण्याची रीत वेगळी. माझा मिनी पीसी आणि डिस्क मिळून साधारण १५ वॉट खातात, महिन्याला ११ युनिट. जुना डेस्कटॉप ७० वॉट खायचा, म्हणजे ५० युनिट. महावितरणचा १०० युनिटांनंतरचा दर माहीत असेलच.

डिस्क टीव्हीखालच्या सनमायकाच्या बंद कपाटात ठेवू नका. गेल्या मे महिन्यात माझी तिथे ५६ अंशांवर गेली होती. सुताराला बोलावून कपाटाची मागची फळीच काढून टाकली. बायको अजून ऐकवते.

साताऱ्याचं आता. बऱ्याच ब्रॉडबँड कनेक्शनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळे बाहेरून सर्व्हरपर्यंत पोचायला राउटरवर पोर्ट (वाट) उघडून उपयोग होत नाही. दोन्हीकडे टेलस्केल (दोन घरं खासगी नेटवर्कने जोडणारं ॲप) टाका, अँड्रॉइड टीव्हीवरही ते चालतं. आई-बाबांच्या खात्याला ८ एमबीपीएसची मर्यादा घाला. फोर-के मूळ फाइल तिकडे ढकलण्यात अर्थ नाही, १०८०पी छान दिसतं, आणि तेवढं बांधायला आठव्या पिढीचं क्विक सिंक भरपूर झालं.

आणि डिस्क एक नको, दोन घ्या. एकाच डब्यात रेड करून (डिस्क एकत्र जोडून) नव्हे, वेगवेगळ्या घरी. लग्नाचं मूळ शूटिंग फोटोग्राफर फार दिवस ठेवत नाहीत. माझी दुसरी डिस्क गावी आईच्या कपाटात साड्यांखाली असते. गणपतीला जातो तेव्हा ताजी भरलेली घेऊन जातो आणि तिथली परत आणतो.