आधी हिशेब, मग यंत्र

प्रश्न : मी सात वर्षांपासून घरी नागलीचे (नाचणीचे) पापड करून ओळखीच्या घरांत आणि प्रदर्शनांतून विकते. किलोला ३२० रुपये मिळतात, साहित्याला १७० लागतात आणि माल कधी उरत नाही. २०२७च्या सिंहस्थात मागणी वाढेल, या विचाराने आता सहा लाखांचे कर्ज काढून यंत्र आणि ड्रायर घ्यावे, असे घरात ठरत आहे. प्रकल्प अहवाल एक सल्लागार करून देणार आहेत. अनुदानासाठी उद्योजकता प्रशिक्षण घ्यावे लागते, असे कळले. इतक्या अनुभवानंतर त्याचा उपयोग होतो का, की नुसते प्रमाणपत्रासाठी बसायचे?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पापड कसा करावा हे आपल्याला कोणी शिकवायला नको आणि उद्योजकता प्रशिक्षणाचा तो हेतूही नसतो. तिथे शिकायचे असते ते आपल्याच मालाची खरी किंमत काढणे, आणि आपल्या पत्रावरून तरी हीच गोष्ट राहून गेलेली दिसते.

किलोमागे दीडशे रुपये सुटतात, असे आपण धरले आहे. उदाहरणादाखल मदतनीस बायकांची मजुरी ६० रुपये, पाकीट व लेबल १८, गॅस-वीज १२, तुटफूट १० आणि स्वतःच्या श्रमाचे निदान ४० रुपये धरून पाहा. एकूण १४० रुपये होतात आणि हाती उरतात १०. आता हाच माल रविवार कारंजावरच्या एखाद्या दुकानात ठेवला आणि दुकानदाराने वीस टक्के मागितले, तर ६४ रुपये त्याचे, म्हणजे किलोमागे ५४ रुपये आपण पदरचे घालणार. आपले आकडे वेगळे निघतील, पण माल उरत नाही याचे एक कारण आपण स्वतःची मजुरी भावात धरलेली नाही हेही असू शकते. घरगुती उद्योगात ही चूक इतकी सर्रास होते की तिला चूक म्हणायलाही कोणी तयार नसते. यंत्राने मजुरी कमी होईल हे खरे, परंतु तिच्या जागी कर्जाचा हप्ता येईल.

दुसरा मुद्दा खेळत्या भांडवलाचा, म्हणजे माल घेऊन त्याचे पैसे परत येईपर्यंत लागणाऱ्या रकमेचा आहे आणि माझ्या मते तो यंत्रापेक्षा मोठा आहे. पेठ-सुरगाण्याकडची नागली दिवाळीच्या आगेमागे निघते, तेव्हा वर्षाची खरेदी करायची तर रक्कम एकदम लागते. पापड वाळतात उन्हाळ्यात आणि दुकानदार पैसे देतो महिन्या-दीड महिन्याने, म्हणजे एक रुपया गुंतला की सुटायला कित्येक महिने जातात. सहाही लाख यंत्रसामग्रीत घातले तर यंत्र राहील आणि त्यात घालायला धान्य नसेल. म्हणून बँकेकडे यंत्रासाठीचे मुदत कर्ज आणि खेळते भांडवल यांची मागणी वेगवेगळी दाखवावी. ड्रायर मात्र घ्यावा. आपल्याकडचा अवकाळी पाऊस द्राक्षबागांना सोडत नाही, तो गच्चीवरच्या पापडांना काय सोडणार?

सिंहस्थाची गर्दी काही महिन्यांची असते, हप्ते मात्र वर्षानुवर्षे चालतात. तेव्हा यंत्राची क्षमता रोजच्या गिऱ्हाइकावरून ठरवावी आणि सिंहस्थाच्या वाढीव मागणीसाठी जादा मदतनीस घ्यावेत.

सल्लागारांच्या अहवालात विक्री दरवर्षी ठरल्या टक्क्यांनी वाढते, पापड तुटत नाही आणि उधारी बुडत नाही. तो अहवाल बँकेसाठी असतो. आपला स्वतःचा अहवाल आपण वहीत लिहावा, प्रत्येक महिन्याची आवक-जावक मांडावी, पैसे कमी पडणाऱ्या महिन्यांवर खूण करावी आणि ती वही घेऊनच प्रशिक्षणाला बसावे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून अशा प्रशिक्षणाचे काम करीत आहे. योजनांची सध्याची स्थिती मात्र जिल्हा उद्योग केंद्रात विचारूनच अर्ज करावा, कारण निकष बदलत असतात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरी भागातील महिलेला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदानाची तरतूद आहे, परंतु ते हातात येत नाही, तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जखात्यात वळते होते. शिवाय ही योजना नव्या उद्योगासाठी आहे, त्यामुळे सुरू असलेल्या आपल्या व्यवसायाचे काय, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. चालू घरगुती उद्योगाच्या वाढीसाठी २०२० साली आलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना अधिक जवळची वाटते. तिच्यात ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठरवलेले आहे आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत माझा सीएनसी जॉबवर्कचा, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रांवर इतरांची कामे करून देण्याचा, छोटा कारखाना आहे. मुख्य ग्राहक चार-चार महिने बिल देत नाही. काय करावे?
– एक उद्योजक, सिडको, नाशिक

उत्तर : उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदणी, केली नसल्यास आजच करावी. ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे, आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या पुढे, ग्राहकाला पैसे अडवता येत नाहीत. अडवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होते. मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करायला हात धजावत नाही, हे मी समजू शकतो. परंतु २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम, ती प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत, ग्राहकाला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. तेव्हा तक्रारीआधी प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापावी आणि मार्च महिना लागण्यापूर्वी ग्राहकाच्या खरेदी विभागाऐवजी लेखा विभागाला थकबाकीचे पत्र पाठवावे.